रॉबर्ट वाईजचे पिक्चर बघायचेत? मग या क्रमाने बघा

हॉलिवूडचा दिग्दर्शक रॉबर्ट वाईज म्हटलं की लोक आधी 'द साउंड ऑफ म्युझिक' लावतात, माझं ऐका, तिथून सुरुवात करू नका. पिक्चर सुंदरच आहे, पण तोच पहिला बघितला की हा गाण्यांवाला दिग्दर्शक असं डोक्यात बसतं आणि या माणसाने तर भुतं, बॉक्सिंग, उडती तबकडी, पाणबुडी सगळं केलंय.

एक लक्षात ठेवा, तो मूळचा एडिटर, 'सिटिझन केन' (१९४१) त्यानेच एडिट केलाय. त्यामुळे कुठला शॉट किती वेळ ठेवलाय आणि नेमका कुठे तोडलाय इकडे लक्ष द्यायचं.

म्हणून पहिला 'द सेट-अप' (१९४९). ७२ मिनिटांचा पिक्चर आणि गोष्टही साधारण तेवढ्याच वेळात घडते, सुरुवातीला आणि शेवटी रस्त्यावरचं घड्याळ दिसतं ते बघा. उतरतीला लागलेला बॉक्सर, त्याच्या मॅनेजरने पैसे घेऊन मॅच विकलीय आणि त्यालाच सांगितलेलं नाही. मारामारी चालू असताना प्रेक्षकांचे चेहरे बघा, त्यात एक आंधळा माणूस आहे, शेजारचा त्याला सगळं सांगतोय. आणि बायको मॅचला न जाता तिकीट फाडून पुलावरून खाली टाकते, तो सीन मी कितीदा बघितला असेल! मधे पॉज अजिबात करू नका, सगळी मजा जाते.

मग 'द हॉन्टिंग' (१९६३), रात्री, हेडफोन लावून. भूत एकदाही दिसत नाही, भिंतीवर धाडधाड आवाज आणि आतल्या बाजूला फुगणारं दार, बस. ही विद्या आरकेओ स्टुडिओत निर्माता व्हॅल ल्यूटनच्या कमी बजेटच्या भीतीपटांत शिकलेली, १९४४ मधे पहिलं दिग्दर्शन तिथेच मिळालं, तेही आधीचा दिग्दर्शक शेड्यूलच्या मागे पडला म्हणून अर्ध्यातून.

'द डे द अर्थ स्टुड स्टिल' (१९५१) कधीही बघा, बर्नार्ड हरमनच्या संगीतातला थेरेमिन (हात न लावता वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) मात्र नीट ऐका.

आता 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१, सहदिग्दर्शक जेरोम रॉबिन्ससोबत) आणि मग 'साउंड ऑफ म्युझिक' (१९६५). दोन्हींना दिग्दर्शनाचं ऑस्कर, आणि या दोन रंगीत म्युझिकलच्या मधे त्याने काय केलं तर तो ब्लॅक अँड व्हाइट 'हॉन्टिंग', विचार करा!

सगळ्यात शेवटी १९७९ चा 'स्टार ट्रेक', पण २००१ ची डायरेक्टर्स एडिशन शोधा, कारण रिलीजच्या घाईत एडिटिंग मनासारखं झालं नव्हतं आणि ऐंशी पार केल्यावर तो ते पूर्ण करायला परत बसला.