वाइड रिसीव्हरची किंमत ठरवताना टचडाउन सर्वांत शेवटी मोजावेत

आपल्याकडच्या फँटसी क्रिकेटमध्ये दर सामन्याला नवा संघ निवडता येतो. अमेरिकन फुटबॉलवर चालणाऱ्या फँटसी फुटबॉलच्या पारंपरिक लीगमध्ये मात्र ऑगस्टअखेरच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे आळीपाळीने फेऱ्या घेत खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, निवडलेला संघच मोसमभर चालवावा लागतो. मोकळे राहिलेले खेळाडू मधूनमधून उचलता येतात, पण पहिल्या प्रतीचा वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, तिथे क्वचितच हाती लागतो. मी पहिल्या वर्षी गेल्या मोसमातली गुणांची यादी वरून खाली वाचत खेळाडू घेत गेलो होतो आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत ती यादी निरुपयोगी ठरली होती. त्या यादीत काय घडले ते दिसते. ते कशामुळे घडले आणि पुन्हा घडेल का, हे आपल्यालाच शोधावे लागते.

सुरुवात आपल्या लीगच्या नियमांपासून करावी. चेंडू पुढे नेलेल्या दर दहा यार्डांना 1 गुण आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचवण्याला, 6 गुण ही पद्धत बहुतेक ठिकाणी असते, मात्र प्रत्येक झेलाला 0, 0.5 की 1 गुण मिळतो हे लीगनुसार बदलते. 2022 मध्ये पिट्सबर्गच्या डिऑन्टे जॉन्सनने 86 झेलांत 882 यार्ड मिळवले. झेलाला गुण नसलेल्या लीगमध्ये त्याचे 88.2 गुण होतात आणि पूर्ण पीपीआरमध्ये, म्हणजे दर झेलाला 1 गुण देणाऱ्या लीगमध्ये, 174.2. त्यामुळे दुसऱ्याच्या लीगसाठी तयार झालेला क्रम जसाच्या तसा उचलणे धोक्याचे असते.

यानंतर टार्गेट पाहावेत. क्वार्टरबॅकने, म्हणजे संघासाठी चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने, त्या रिसीव्हरच्या दिशेने केलेली प्रत्येक फेक, ती झेलली जावो अथवा न जावो, टार्गेट म्हणून मोजली जाते. झेल, यार्ड आणि टचडाउन ही तिन्ही त्यातूनच निघतात. नुसत्या संख्येपेक्षा संघाच्या एकूण फेकींमधला हिस्सा काढणे अधिक बरे, कारण काही संघ मुळातच जास्त फेकी करतात. ज्याला चौथा हिस्सा मिळतो, तो रिसीव्हर संघाच्या आक्रमणाचा कणा आहे असे खुशाल समजावे.

टचडाउन मात्र फसवे असतात. 2020 मध्ये ग्रीन बेच्या डावान्टे ॲडम्सने 14 सामन्यांत 149 टार्गेटवर 115 झेल, 1,374 यार्ड आणि 18 टचडाउन मिळवले. पुढच्या वर्षी क्वार्टरबॅक तोच, ॲरन रॉजर्स, होता आणि ॲडम्सने 16 सामन्यांत 169 टार्गेटवर 123 झेल आणि 1,553 यार्ड मिळवले. म्हणजे दर सामन्यामागचा खेळ जवळपास तेवढाच राहिला, पण टचडाउन 11 झाले. पूर्ण पीपीआरने हिशेब केल्यास मुख्यतः टचडाउन घटल्यामुळे दर सामन्यामागे सुमारे 25.7 असलेले गुण 21.5 वर आले. ॲडम्स तरीही उत्तमच होता; चुकले ते 18 टचडाउन गृहीत धरून किंमत मोजणारे. वर उल्लेखलेल्या जॉन्सनचे प्रकरण याच्या उलट आहे. 2022 मध्ये 147 टार्गेट मिळूनही त्याचा एकही टचडाउन झाला नाही. पुढच्या वर्षी बरेच कमी झेल घेऊनही त्याने 5 टचडाउन केले. अशा शून्याला घाबरून खेळाडू सोडू नये. उलट तो स्वस्तात मिळतो का, हे पाहावे.

क्वार्टरबॅकचा विचार वेगळा करावा लागतो. 2023 मध्ये रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडे आला, पहिल्याच सामन्यात त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि त्याचा मोसम तिथेच संपला. त्या वर्षी गॅरेट विल्सनला 168 टार्गेट मिळाले, पण यार्ड 1,042 आणि टचडाउन फक्त 3, म्हणजे दर टार्गेटमागे जेमतेम 6.2 यार्ड. सिनसिनाटीच्या जमार चेसने 2024 मध्ये 175 टार्गेटवर 1,708 यार्ड मिळवले, म्हणजे दर टार्गेटमागे सुमारे 9.8. संधी जवळपास सारखीच असूनही फळ इतके वेगळे आले.

संघातल्या जागा कोण सोडून गेले आणि कोण जखमी आहे, हेही पाहावे. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत निवडलेला लॉस एंजेलिस रॅम्सचा पुका नकुआ 2023 मध्ये संघातला मुख्य रिसीव्हर कूपर कप याच्या अनुपस्थितीत पहिल्या दोन सामन्यांत 25 झेल घेऊन गेला आणि कप परतल्यावरही टिकला. दुखापतग्रस्त खेळाडूचा हिशेब नेहमी दर सामन्यामागे करावा.

आता अंदाज मांडता येतो. समजा संघ 560 फेकी करेल आणि आपल्या खेळाडूला त्यातला 25 टक्के हिस्सा मिळेल, तर 140 टार्गेट होतात. त्यातील 65 टक्के झेलले तर 91 झेल. दर टार्गेटमागे 8.5 यार्ड धरले तर 1,190 यार्ड. आणि वीस टार्गेटमागे एक या बेताने 7 टचडाउन. पूर्ण पीपीआरमध्ये हे 252 गुण झाले. बारा संघांच्या आणि प्रत्येकी तीन रिसीव्हर खेळवणाऱ्या लीगमध्ये छत्तिसावा रिसीव्हर हा सर्वांना सहज मिळणारा असतो. त्याचा अंदाज 160 आला तर आपल्या खेळाडूचे खरे मोल 92 गुण आहे. याच 92 ची तुलना इतर जागांवरच्या खेळाडूंशी करावी. बाय वीकची, म्हणजे खेळाडूच्या संघाला सुट्टी असलेल्या आठवड्याची, चिंता मी फारशी करत नाही. पंधराव्या ते सतराव्या आठवड्यातले, म्हणजे फँटसी लीगच्या बाद फेरीच्या वेळचे, प्रतिस्पर्धी मात्र बरोबरीच्या दोघांत निवड करताना जरूर पाहतो.

शेवटी आपला क्रम आणि बाजारातला सरासरी क्रम, म्हणजे इतर लोक ड्राफ्टमध्ये त्या खेळाडूला सरासरी कितव्या क्रमांकावर घेतात तो, शेजारीशेजारी लिहावा. बाजार ज्याला पाचव्या फेरीत घेतो त्याला आपण तिसऱ्या फेरीच्या तोलाचा मानत असलो, तरी तिसऱ्या फेरीत घेऊ नये. त्याला चौथ्या फेरीच्या शेवटी घ्यावे आणि तिसरी फेरी दुसऱ्या कोणासाठी वापरावी.