ई-रिक्षाच्या टपावरच्या सोलरमधून जास्तीत जास्त वीज कशी काढायची

सांगली-मिरजेत टपावर सोलर बसवायचा विचार करणाऱ्या रिक्षावाल्यांसाठी लिहितोय. आधी हिशेब बघा. 300 वॅटचं पॅनल आपल्याकडच्या चांगल्या उन्हात, सगळी घट धरून, दिवसाला साधारण 1 युनिट देतं, म्हणजे 15-20 किलोमीटर. प्लग लावून चार्जिंग करायचं कायमचं बंद होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण हे 15-20 किलोमीटर पुरेपूर पदरात पाडून घेणं आपल्याच हातात आहे.

सगळ्यात जास्त नुकसान करते सावली. पॅनलमधले सेल, म्हणजे वीज बनवणाऱ्या छोट्या चकत्या, सिरीजमध्ये, म्हणजे एकाला एक जोडून ओळीत असतात, त्यामुळं कोपऱ्यातल्या एका सेलवर जरी फांदीची सावली पडली तरी तेवढ्याच सेलचं नाही तर अख्ख्या ओळीचं आउटपुट पडतं, बायपास डायोड (सावलीतली ओळ वगळून वीज पुढं नेणारे भाग) असले तरी पॅनलचा तिसरा हिस्सा गेलाच समजा. म्हणून स्टँडवर लिंबाखाली गाडी लावायची सवय मोडा, 11 ते 3 गाडी उन्हात आणि आपण झाडाखाली. टपावर कॅरियर नाहीतर जाहिरातीचा बोर्ड असेल तर तोही काढा.

दुसरं म्हणजे उष्णता. पॅनलवर लिहिलेले वॅट हे सेल 25 डिग्रीला असतानाचे असतात, एप्रिलात सेल 60 च्या वर सहज जातात आणि दर डिग्रीला 0.35 ते 0.4 टक्के वीज घटते, म्हणजे 12-14 टक्के तिथंच गेली. पॅनल टपाला चिकटवू नका, खाली 2-3 इंच फट ठेवा, गाडी पळताना वारा खेळतो. आणि खाली रबर घालूनच बोल्ट आवळा, आपल्या खड्ड्यांत सेलला बारीक तडे जातात.

पॅनल तिरकं करायच्या भानगडीत पडू नका. सांगली जवळपास 17 अक्षांशावर, मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सपाट पॅनल मस्त चालतं. डिसेंबरात मात्र साताऱ्यासारख्या चढउताराच्या गावात दक्षिणेकडं उतार असलेली जागा बघून गाडी लावा, फरक पडतो.

कंट्रोलरमध्ये, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्यात, पैसे वाचवू नका. बॅटरी 48 व्होल्टची, छोटं पॅनल 18-20 व्होल्टचं, त्यामुळं व्होल्टेज वाढवणारा बूस्ट एमपीपीटीच (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा कंट्रोलर) लागतो. वायर जाड, फ्यूज हवाच.

लिथियम बॅटरी असेल तर रात्री 80-85 टक्क्यांवर चार्जिंग थांबवा, फुल बॅटरीत ऊन भरणार कुठं? लेड-ॲसिडला मात्र हे करू नका, ती अर्धवट राहिली की खराब होते.

काच सकाळी गार असतानाच धुवा आणि लगेच पुसा, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग बसतात. गळीत हंगामात कारखान्याची काजळी पडते तिथं रोज फडकं मारा. आणि टपावर काहीही बसवायच्या आधी आरटीओत आणि वॉरंटीचं डीलरकडं विचारून घ्या.