घरच्या घरी ध्वनिमुद्रण: सॉफ्टवेअर निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या स्वयंसेवकांना मी काही वर्षांपासून तांत्रिक मदत करतो. मंडळी सुशिक्षित असतात, त्यांचे वाचन उत्तम असते आणि हौसही दांडगी असते. तरीही प्रत्येक नवी तुकडी जुन्या तुकडीच्याच चुका नव्या उत्साहाने करते.

पहिली चूक म्हणजे "सर्वांत भारी सॉफ्टवेअर कोणते?" असे विचारत सुरुवात करणे. एक माणूस, एक माइक आणि एक पुस्तक एवढाच मामला असेल, तर आवाज टिपणे, चुकलेले वाक्य कापणे, थोडी खरखर कमी करणे आणि एमपी3 काढणे यापलीकडे काही लागत नाही. हे सारे ऑडासिटी फुकटात करते आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आकाराला आलेले हे सॉफ्टवेअर 2000 साली प्रसिद्ध झाले, आणि दिसायला ते आजही थोडे जुनाटच आहे. तेवढ्या कारणावरून काही जण कुणाकडून तरी महागड्या स्टुडिओ सॉफ्टवेअरची चोरीची प्रत आणतात, मग संगणकात शिरलेला व्हायरस काढून देण्यासाठी मला फोन करतात. असे फोन मी आता घेत नाही. ऑडासिटीतली बटणे फार वाटत असतील तर ओशनऑडिओ घ्यावे, तेही फुकट आहे. मॅक असेल तर गॅरेजबँड हाताशी असतेच. पार्श्वसंगीत, दोन-तीन माणसांचे संवाद असा पसारा असेल तर रीपर पाहावे. ते 60 दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते आणि वैयक्तिक वापराचा परवाना 60 डॉलरना मिळतो.

दुसऱ्या चुकीवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कामाच्या फाइललाच तयार मुद्रण समजण्यावर, मात्र मी सविस्तर बोलणार आहे, कारण तिने एका बाईंचे तीन महिने खाल्ले. 2019 मधली गोष्ट. एका निवृत्त शिक्षिकेने एका कादंबरीची अकरा प्रकरणे घरी वाचून पेनड्राइव्ह पाठवला. त्यावर अकरा फायली होत्या आणि प्रत्येक फाइल जेमतेम काही केबीची होती. एका तासाच्या मोनो (एकाच वाहिनीच्या) मुद्रणाची वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणारी फाइल, साधारण 320 एमबी भरते, तेव्हा आकडा पाहूनच माझ्या पोटात गोळा आला. त्या काळी ऑडासिटीची एयूपी फाइल, म्हणजे चालू कामाची किंवा 'प्रकल्पा'ची फाइल, केवळ नोंदवही असे. प्रत्यक्ष आवाज शेजारच्या 'डेटा' नावाच्या फोल्डरमध्ये शेकडो तुकड्यांत पडलेला असे. मी फोन करून त्या फोल्डरची चौकशी केली. बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, त्यात कसल्या तरी विचित्र नावांच्या बारीक बारीक फायली होत्या. भाच्याने कचरा म्हणून काढून टाकल्या, रिसायकल बिनसुद्धा रिकामा करून दिला." आम्ही फायली परत मिळवण्याचे प्रयत्न केले, पण हाती काही लागले नाही. त्यांनी अकराच्या अकरा प्रकरणे पुन्हा वाचली. भाच्याविषयी मी त्यांना कधी विचारले नाही.

2021 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीपासून सगळे एकाच एयूपी3 फाइलमध्ये राहते, म्हणून हा धोका संपला असे समजू नये. आता लोक तीच फाइल ध्वनिफीत म्हणून पाठवतात आणि "तुमच्या फोनवर का वाजत नाही?" असे मलाच विचारतात. 'सेव्ह' केले म्हणजे प्रकल्प जपला जातो. ऐकण्याजोगी फाइल 'एक्स्पोर्ट' केल्यावरच तयार होते. प्रकल्पाची प्रत काढायची असेल तर आधी तो बंद करावा, कारण उघडा असताना ताजे मुद्रण शेजारच्या तात्पुरत्या फाइलमध्ये असू शकतो. माझी स्वतःची सवय अशी की प्रकरण संपले की त्याच संध्याकाळी वेव्ह फाइल काढायची, तिच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणी ठेवायच्या आणि मगच जेवायला बसायचे.

तिसरी चूक अधीरांची आहे. पंखा चालू ठेवून, खिडकी उघडी टाकून वाचायचे आणि "नॉइज रिडक्शन आहेच की" म्हणायचे. खरखर कमी करणाऱ्या त्या सुविधेला आधी निव्वळ शांततेचा नमुना दाखवावा लागतो, म्हणून वाचनापूर्वी पाच सेकंद गप्प बसावे. पंख्याची एकसुरी घरघर तिला कमी करता येते. कुकरची शिट्टी आणि रिक्षाचा हॉर्न तिच्या आवाक्याबाहेरचे. जोर वाढवला की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो. मी सहा डेसिबलपासून सुरुवात करतो आणि बाराच्या पुढे जात नाही. त्यापेक्षा पंखा बंद करून, कपड्यांनी भरलेल्या कपाटाकडे तोंड करून बसणे मला पसंत आहे. उकडते खरे, पण घुमत नाही.

पातळीदर्शक पट्टी शेवटच्या टोकाच्या शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर हळू केला तरी फाटकाच राहतो. सर्वांत मोठा उच्चार उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या दरम्यान ठेवावा.

एमपी3 पुन्हा उघडून कापाकापी करू नये, कारण प्रत्येक वेळी नव्याने एमपी3 काढताना थोडा दर्जा झडतो. दुरुस्ती वेव्हमध्येच करावी. निव्वळ वाचनासाठी 64 केबीपीएसची (सेकंदाला 64 किलोबिट) मोनो एमपी3 मला पुरेशी वाटते आणि तासाला ती तीसेक एमबीच होते. स्टीरिओचा हट्ट कशासाठी धरतात, हे मला आजवर कळलेले नाही.