घरी हातानं टोचून टॅटू शिकायचा आहे तर आधी एवढं वाचा

हातानं टोचायच्या टॅटूला मशीन लागत नाही, लाईट नसली तरी अडत नाही, सामान पण थोडंच, म्हणून आजकाल गावोगावचे पोट्टे मोबाईलवर व्हिडिओ पाहून सुरू करून राहिले. आणि खरं सांगतो, टोचायचं काम जमते, हात बसला की बारीक रेघ पण सरळ येते. कठीण आहे ते वेगळंच. सुई एकदा रक्ताला लागली की त्यानंतर तुमचा हात कशाकशाला लागला त्याचा हिशेब डोक्यात ठेवायचा, म्हणजे शाईची बाटली, मोबाईल, पंख्याचं बटन, स्वतःचं नाक, सगळं. हा हिशेब ज्याला ठेवता येत नाही त्यानं कागदावरच चित्र काढावं, मी स्पष्टच सांगतो.

लोक म्हणतात का आपल्या आज्या गोंदतच होत्या ना, मेळघाटात कोरकू बाया, गडचिरोलीकडे माडिया न् गोंड बाया, त्यांना काय झालं? आता बघा, हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात कमीत कमी ७ दिवस जिवंत राहतो आणि अंगात गेल्यावर लक्षणं दिसायला १ ते ६ महिने लागतात, मग कोणाला कावीळ झालीच तर तिचा संबंध गोंदणाशी कोण लावणार होतं? म्हणून नक्षी आजीची घ्या, एकदम सुंदर असते, पण पद्धत नोका घेऊ. काजळ नाही, बाभळीचा काटा नाही, आणि बिब्ब्याचं तेल तर अजिबात नाही, बिब्बा उतला म्हणजे कातडीचं काय होते ते घरातल्या बायांना विचारा. जत्रेतल्या मशीनवाल्याची तर गोष्टच नको, तीच सुई, तीच शाईची वाटी, आणि समोर रांग.

आता कोणावर काढायचा नाही ते. १८ च्या आतल्या पोरापोरींवर नाही, मग तो मित्राचा लहान भाऊ असो का शेजारचा. गरोदर बाई नाही. शुगर ताब्यात नसलेला माणूस, रक्त पातळ करायची गोळी चालू असलेला माणूस, जुन्या जखमेचा वण फुगून जाड होणारा माणूस, ह्यांना नाही म्हणा. आपल्याकडे सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, लय घरांत आहे, हे विचारायला लाजू नका, सिकलसेलच्या पेशंटला घोट्याजवळ न भरणाऱ्या जखमा होतात, तिथं आपण सुई लावायचं काही कामच नाही. दारू पिऊन आलेल्याला परत पाठवा, रक्त जास्त येते आणि तो हलत पण राहते.

आणि भरतीवाले पोट्टे! सकाळी रोडवर धावून राहिला आणि संध्याकाळी दंडावर वाघ काढून मागते. सैन्यभरतीत कायमचा टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालते, आदिवासी समाजाला त्यांच्या परंपरेप्रमाणे सूट आहे, बाकी ठिकाणी असला तर मेडिकलमध्ये बाहेर. निमलष्करी दलांचे नियम वेगळे आहेत, म्हणून ज्या भरतीला जायचं तिची जाहिरात आधी वाचायला लावा. रक्तदान करणाऱ्याला पण सांगा का टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही.

तुम्ही स्वतः काय करायचं तर हिपॅटायटिस बी ची लस, ३ डोस, पहिला आज, दुसरा १ महिन्यानं, तिसरा ६ महिन्यानं. आता जे मोठे आहेत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना लहानपणी ती मिळालेली नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन पण बघून घ्या. सहा महिने लागतात म्हणून कंटाळा येते, पण तोवर प्रॅक्टिस करा ना, कोण अडवते.

सामानात पैसे वाचवायचे नाहीत. टॅटूचीच सुई पायजे, एकेक सुई सीलबंद पाकिटात येते, पाकिटावर निर्जंतुक केल्याची खूण आणि एक्सपायरी छापलेली असते, पाकीट फाटलं असेल किंवा तारीख गेली असेल तर फेकून द्या. सुरुवातीला ३ आरएल घ्या, म्हणजे तीन सुया गोल घट्ट बांधलेल्या, बारीक रेघेला बरी, जाड रेघेला ५ आरएल. शिवणाची सुई, टाचणी, इंजेक्शनची सुई ह्यातलं काही नाही. कोणी म्हणेल उकळून घेऊ, तर उकळत्या पाण्यात सगळे जंतू मरत नाहीत, काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे कडक कवचात झोपलेले जंतू, त्यातून पण वाचतात, दवाखान्यात त्याच्यासाठी दाबाच्या वाफेत १२१ डिग्रीला ठेवतात. आपल्याला ती भानगड पायजेच कशाला, सुई एकदा वापरली की संपली.

शाई टॅटूचीच, काळीच, कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि तारीख असलेली सीलबंद बाटली. पेनाची शाई, प्रिंटरची शाई, चित्रकलेची शाई नाही. शाई घट्ट वाटली तरी पाणी टाकू नका, फिल्टरचं पण नाही. अमेरिकेत रॉचेस्टर नावाच्या गावात २०११ मध्ये एकाच आर्टिस्टकडून टॅटू काढलेल्या १९ जणांच्या कातडीत एक चिवट जंतू शिरला, आर्टिस्टची काही चूक नव्हती, शाई बनवतानाच डिस्टिल्ड वॉटरनं पातळ केलेली होती. डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक नाही, आणि आपल्या विहिरीच्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको.

बाकी नायट्राइल हातमोजे, ७० टक्क्याचं अल्कोहोल, छोटी शाईची झाकणं, सर्जिकल स्किन मार्कर, नवीन रेझर, गॉझ, व्हॅसलीनची छोटी नवीन डबी, स्वयंपाकाची पारदर्शक प्लास्टिक फिल्म आणि सुई टाकायला जाड प्लास्टिकची बाटली. लाईटचा भरोसा नसते, म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी चार्ज करून ठेवा.

प्रॅक्टिस संत्र्यावर करा, वरुड-मोर्शीकडचे असाल तर घरीच आहेत. संत्र्याची साल, मग केळ, मग मिळालं तर नकली चामड्याचं पॅड. सरळ रेघ, गोल, त्रिकोण, एवढंच, ठिपक्यांमधलं अंतर सारखं येईपर्यंत. पण फळ ताणल्या जात नाही, हलत नाही, रक्त येत नाही, म्हणून पहिली खरी कातडी स्वतःच्या मांडीची, दुसऱ्या कोणाची नाही. तिथं हात नीट पोहोचते, मांस आहे, आणि बिघडलं तर पॅन्टखाली झाकते. चित्र रुपयाच्या नाण्याएवढं ठेवा.

काढायच्या दिवशी पोट भरून जेवा. खोली झाडून अर्धा-पाऊण तास थांबा म्हणजे धूळ बसते, पंखा बंद, कोंबड्या आणि लहान पोरं बाहेर, उन्हाळ्यात दुपारी तर नकोच कारण घामानं सगळंच सरकते. टेबल अल्कोहोलनं पुसा, त्यावर फिल्म लावा, बॅटरीला पण फिल्म गुंडाळा. लागणारं सगळं सामान आधीच काढून मांडा, शाई झाकणात ओता आणि बाटली दूर ठेवून द्या, काऊन का मध्ये बाटलीला हात लावला का बाटली गेली. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

हात साबणानं धुवा, मोजे घाला, केस काढा, कातडी साबणपाण्यानं धुवून अल्कोहोलनं पुसा, वाळू द्या. मार्करनं चित्र काढा, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, मग मोजे बदला. आता सुई उघडा. तिच्या दांडीला पट्टी गुंडाळली तर पकड चांगली येते, फक्त टोकाला काही लागू देऊ नका. दुसऱ्या हातानं कातडी ढोलाच्या चामड्यासारखी ताणा, इथंच नव्वद टक्के लोक कमी पडतात. सुई थोडी तिरपी धरा, शाईत बुडवा, टोचा, काढा. सुई बाहेर येताना कातडी बारीक टक् करून सोडते, बोटाला ते कळते, तेवढं झालं की खोली बरोबर. १ ते २ मिलिमीटरच्या वर जायचं काम नाही. उथळ गेली तर भरल्यावर शाई निघून जाते, खोल गेली तर शाई आत पसरून निळसर डाग होते आणि तो परत आणता येत नाही. एखादा रक्ताचा थेंब चालते, रक्त वाहू लागलं म्हणजे तुम्ही खोल चालले. आधी ठिपके दूर दूर टाका, मग मधले भरा, चारपाच टोच्यांनंतर परत शाई. गॉझनं टिपायचं, घासायचं नाही. एकाच जागी परत परत टोचून कातडी फाटली तर तिथंच थांबा, राहिलेलं नंतर भरता येते. समोरच्याला चक्कर आली तर आडवं करा, पाय वर.

झालं की सुई सरळ जाड बाटलीत, टोपण घट्ट, उरलेली शाई टाकून द्या, परत बाटलीत ओतायची नाही. भरलेली बाटली कचऱ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला विचारून तिथं द्या. दुसऱ्यावर काढताना वापरलेली सुई तुम्हाला टोचली तर बोट चोखायचं नाही, पिळायचं नाही, साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा आणि लगेच जिल्हा रुग्णालयात जा, एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आतच सुरू कराव्या लागतात, पहिल्या दोन तासांत पोहोचलात तर सगळ्यात चांगलं.

नंतर दिवसातून दोनदा साध्या साबणानं हलक्या हातानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं, व्हॅसलीनचा एकदम पातळ हात. हळद, खोबरेल, चुना, राख, शेजारच्या काकूंनी सांगितलेलं पान, काहीच नाही. खपली निघाली तर निघू द्या, ओढू नका. दोन-तीन आठवडे नदी, कॅनल, शेततळं बंद. आणि ह्या दिवसांत फवारणी करायची नाही म्हणजे नाही, २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलं, आणि टॅटू म्हणजे तर उघडी जखम आहे. म्हणून आषाढ-श्रावणात टॅटू काढायचाच नाही, कापूस घरी आल्यावर थंडीत काढावा.

तीन दिवसांनी लाली कमी व्हायच्या ऐवजी वाढली, जागा गरम लागली, पू आला, ताप आला, किंवा तिथून लाल रेघ वर चढताना दिसली तर डिग्रीवाल्या डॉक्टरकडे, आणि टॅटू काढला हे लपवू नका. सगळं नीट भरलं तर महिना-सव्वा महिन्यानं उजेडात पाहा, कुठं फिकं पडलं असेल तर तेवढेच ठिपके नव्या सुईनं भरा.