मायनर लीगमधल्या पोरांची क्रमवारी लावताय? या चुका टाळा

बेसबॉलचा हंगाम संपला की प्रत्येक संघाच्या चाहत्यांत एकच वाद रंगतो: आपल्या फार्म सिस्टिममध्ये (मेजर लीगसाठी खेळाडू घडवणाऱ्या खालच्या, म्हणजे मायनर लीग संघांत) पहिला कोण आणि दहावा कोण. तासभर भांडून झाल्यावर कळतं की एक जण ‘जमलं तर हा किती मोठा होईल’ ते मोजतोय आणि दुसरा ‘पुढच्या एप्रिलमध्ये वर, मेजर लीगमध्ये, कोण येईल’ ते. मग याद्या जुळणार कशा? नावं घेण्याआधी मोजपट्टी ठरवा. त्यातल्या त्यात कामाची पट्टी ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची. उद्या हा पोरगा द्यायला काढला, तर समोरचा संघ कोणासाठी जास्त किंमत मोजेल? कुवत, जोखीम आणि वर यायला लागणारा वेळ, तिन्ही गोष्टी या एका प्रश्नात येतात.

नुसती सरासरी आणि होम रन बघणं

सगळ्यात जास्त याद्या इथेच फसतात. पाटा खेळपट्टीवर ठोकलेल्या द्विशतकाला आपण किती भाव देतो? मायनर लीगमध्ये अशा पाटा खेळपट्ट्या गावागणिक आहेत. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० फूट उंचावर आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्हबॉल नीट वळत नाही. रीनो, एल पासो, अमरिलो हीसुद्धा फलंदाजांचीच मैदानं. अ‍ॅशव्हिलला उजव्या बाजूची भिंत इतकी जवळ आहे की डावखुऱ्यांची चंगळ होते. ब्रँडन वुडने २००५ मध्ये कॅलिफोर्निया लीगमध्ये ४३ होम रन (थेट मैदानाबाहेर गेलेले फटके) मारले आणि देशातल्या अव्वल प्रॉस्पेक्टमध्ये (होतकरू तरुण खेळाडूंमध्ये) जाऊन बसला. मेजर लीगमध्ये त्याची कारकिर्दीची सरासरी (हिट भागिले अधिकृत फलंदाजी) राहिली .१८६. ती लीग फलंदाजांना झुकतं माप देणारी म्हणून ओळखली जायची, हे तेव्हाही ठाऊक होतं.

कधी गडबड मैदानात नसून चेंडूत असते. २०२३ च्या पहिल्या टप्प्यात सदर्न लीगमध्ये आधीच चिकट लेप दिलेला चेंडू वापरून पाहिला. पिचरांची पकड सुधारली, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) वाढले आणि हंगामाच्या मध्यावर तो प्रयोग बंद केला. त्या काळातल्या फलंदाजांचे आकडे वाचताना आणि पिचरांचे त्याहून जास्त, हे विसरून चालत नाही.

आता हिशेब कसा करायचा ते एका कल्पित फलंदाजावर बघू. डबल-ए (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली), वय २३, ४०० वेळा प्लेटवर आला. त्यात २० वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळालेला बेस), म्हणजे अधिकृत अ‍ॅट-बॅट ३८०. हिट (बेस मिळवून देणारे फटके) ११८, होम रन १४, स्ट्राइकआउट ११२. सरासरी .३११, बघणारा खूश. पण स्ट्राइकआउट २८ टक्के आणि वॉक फक्त ५ टक्के आहेत. आता मैदानात पडलेले चेंडू मोजा. ३८० मधून ११२ स्ट्राइकआउट आणि १४ होम रन वजा केले की २५४ उरतात आणि त्यांवर हिट आहेत १०४. हे प्रमाण .४०९ येतं. मेजर लीगमध्ये ते .३०० च्या आसपास असतं. मायनर लीगमधलं ढिसाळ क्षेत्ररक्षण आणि पोराचा वेग धरून .३२० दिलं, तरी हिट ८१ होतात. त्यात १४ होम रन मिळवा, ९५ हिट, म्हणजे सरासरी .२५०. साठ पॉइंटांपेक्षा जास्त फुगवटा निघून गेला आणि खाली उरला चेंडूची निवड न कळणारा फलंदाज. याला तिसऱ्या क्रमांकावर ठेवलं असेल, तर का ठेवलं ते स्वतःला विचारा.

उलट गोष्टही होते. मुकी बेट्सने २०१२ मध्ये लोवेलला, बॉस्टनच्या खालच्या पातळीच्या संघात, ७१ सामन्यांत एकही होम रन मारला नव्हता. पण चेंडू बॅटवर घेणं आणि वॉक काढणं तेव्हाही जमत होतं. पुढच्याच वर्षी त्याने १५ होम रन मारले. शरीर भरलं की ताकद येते, पण चेंडू ओळखण्याची नजर त्या मानाने क्वचित येते. म्हणून आधी स्ट्राइकआउट-वॉक बघा, मग होम रन.

वय न बघणं, किंवा फक्त वयच बघणं

हंगामाचं वय धरताना १ जुलैच्या सुमारास पूर्ण झालेलं वय घेतात. डबल-एमध्ये सरासरी वय २४ च्या आसपास असतं. तिथे २० वर्षांच्या पोराने .२५५ मारले, तर तो २५ वर्षांच्या .२९० वाल्यापेक्षा वर हवा, कारण समोरचे पिचर त्याच्यापेक्षा चार वर्षांनी अनुभवी आहेत. डोमिनिकन समर लीगमध्ये (डोमिनिकन रिपब्लिकमधल्या अगदी खालच्या पातळीवर) याचं दुसरं टोक दिसतं. तिथले सतरा वर्षांचे पिचर चेंडू कुठेही टाकतात, त्यामुळे १८ टक्के वॉक बघून फलंदाजाच्या नजरेचं कौतुक करायची घाई नको.

पण वय म्हणजे अनुभव नव्हे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे आपल्याकडचे भालाफेकपटू. टीव्हीवरच्या एका स्पर्धेतून त्यांना पिट्सबर्ग पायरेट्सने २००८ मध्ये घेतलं. त्याआधी दोघांनी बेसबॉल खेळलेलाच नव्हता. त्यांच्या वयाची तुलना लहानपणापासून लिटल लीग खेळलेल्या पोराशी करून काय मिळणार? सिंगल-एच्या (डबल-एखालच्या पातळीच्या) वर दोघांपैकी कोणी पोहोचलं नाही, हा भाग वेगळा. उशिरा सुरुवात केलेल्यांना, दोन खेळ खेळत आलेल्यांना आणि शस्त्रक्रियेत वर्ष गेलेल्यांना वयाच्या तक्त्यात थोडी सूट द्यावी लागते.

२०-८० च्या पट्टीवर सगळ्यांना ६० वाटणं

स्काउट खेळाडूच्या प्रत्येक गुणाला २० ते ८० मध्ये आकडा देतात. या पट्टीवर ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, मायनरमधला नव्हे. दहा गुण म्हणजे एक प्रमाण विचलन. म्हणून ६० मिळवणारा त्या गुणात मेजर लीगच्या वरच्या सहाव्या हिश्शात बसतो. तुमच्या संघाच्या यादीत एकूण मूल्य ६० असलेले पाच जण निघाले, तर संघ नशीबवान नाही, तुमचा हात सैल आहे. ५० म्हणजे रोज खेळणारा नियमित खेळाडू, ४५ म्हणजे अर्धवेळचा, ४० म्हणजे बाकावरचा किंवा मधल्या ओव्हरांसारखा मधल्या इनिंगचा रिलीव्हर (सामन्यात नंतर येणारा बदली पिचर). विसाव्या नावापर्यंत येताना बहुतेक संघांत ४० चा ढीग असतो. त्या ढिगात सतरावा वर की एकविसावा, यावर रात्र घालवू नका. टप्पे पाडा आणि वाद दोन टप्प्यांच्या सीमेवर घाला.

पिचरचा वेग बघून भाळणं

ताशी ९८ मैलांचा फास्टबॉल डोळ्यांत भरतो. पण तो तिसऱ्यांदा त्याच फलंदाजासमोर आला की काय टाकणार? सुरुवातीचा पिचर व्हायला तिसरा चेंडू लागतो, बहुधा चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा, पण हळू चेंडू), आणि नऊ इनिंगमागे पाच वॉक देऊन भागत नाही. या दोन्हींत कमी पडणारा शेवटी रिलीव्हर होतो. एकेका इनिंगचं काम म्हणून त्याचं मूल्य ४० ते ४५ वर अडकतं, वेग कितीही असो. कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली असेल तर परतायला १२ ते १८ महिने धरा आणि परतल्यावर वेग आला तरी चेंडूवरचा ताबा उशिरा येतो. पहिल्या पाच-सहा सामन्यांतले वॉक बघून त्याला दहा जागा खाली ढकलणं चूक.

वाट अडलीय म्हणून खाली ढकलणं

बेट्स दुसऱ्या बेसवर खेळायचा आणि बॉस्टनकडे तिथे डस्टिन पेड्रोया होता. संघाने त्याला बाहेरच्या मैदानात हलवलं आणि २०१८ मध्ये तो एमव्हीपी (लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू) झाला. वाट अडणं हा संघाचा प्रश्न आहे. पोराची किंमत त्याने कमी होत नाही. मात्र शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) पायांच्या वेगाअभावी पहिल्या बेसकडे सरकत असेल, तर त्याची बॅट निदान एक पायरी जास्त हवी. हे गणित कठोरपणे लावा. कॅचरच्या बाबतीत उलट, त्याला वेळ द्या. बॅट उशिरा जागी होते.

यादी झाली, पण काहीतरी खटकतंय

पहिल्या दहात सात पिचर आले असतील, तर दुखापतीची जोखीम मोजायची राहिली. नुकत्याच ड्राफ्ट झालेल्यांनी (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत घेतलेल्यांनी) वरच्या सगळ्या जागा पटकावल्या असतील, तर जुन्या नावांचा कंटाळा आलाय. सोळाव्या-सतराव्या वर्षी करार केलेला पोरगा चार वर्षं यादीत दिसतो म्हणून शिळा वाटतो, पण तो अजून विशीतच असतो. एखादं नाव बसतच नसेल, तर आधी पात्रता तपासा. १३० अ‍ॅट-बॅट, पिचरसाठी ५० इनिंग किंवा मेजर लीगच्या रोस्टरवर (संघाच्या खेळाडू-यादीत) ४५ दिवस, यांतलं काहीही ओलांडलं की तो नवोदित राहत नाही. वरच्या नावांना या क्रमवारीचा पैशातही अर्थ आहे. बेसबॉल अमेरिका, ईएसपीएन आणि एमएलबी पाइपलाइन यांच्यापैकी निदान दोन ठिकाणी पहिल्या शंभरात असलेल्या नवोदिताने पूर्ण हंगाम वर काढून पुढे मोठा पुरस्कार मिळवला, तर संघाला ड्राफ्टची जादा निवड मिळू शकते.

आणि जुलैमध्ये ड्राफ्ट झालेल्या कॉलेजच्या पोरांना ऑगस्टच्या वीस सामन्यांवरून हलवू नका. ते फेब्रुवारीपासून खेळतायत, कॉलेजमध्ये हातात धातूची बॅट होती आणि आता लाकडाची आहे. लाकडी बॅटची सवय होईतोवर त्यांना ड्राफ्टच्या दिवशी दिलेल्या जागेवरच ठेवा.