इस्तंबूलला आलात? कोपरा कुणाचा, ते आधी बघा

मेर्तेरच्या कापडबाजारात यंदा आपल्याकडची तीन मुलं नव्याने आली. एक सोलापूरचा, दोघं माझ्याच गावचे, इचलकरंजीचे. इकामेतचे, म्हणजे राहण्याच्या परवान्याचे कागद, भाड्याचं घर, बस-मेट्रोचं इस्तंबूलकार्ट, सगळं त्यांनी पहिल्या महिन्यात नीट मार्गी लावलं. दुसऱ्या महिन्यात त्यातल्या दोघांनी मी केली होती तीच चूक केली. पेपरातला एक लेख वाचला, तो पटला आणि त्याच्या भरवशावर पैशाचं ठरवलं. इकामेत आणि घरभाडं यावर सांगणारे पुष्कळ भेटतील. पेपर कसा वाचावा हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो. मी इथे 2012 पासून आहे.

कापडाच्या धंद्यात आलेल्याला राजकारणाशी काय करायचंय, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणायचो. पण या देशात लिराचा भाव, कंटेनरचं भाडं आणि शेजाऱ्याचा मूड, तिन्ही गोष्टी राजधानी अंकाराच्या बातमीवर हलतात. आणि लोकांना अंकाराची बातमी समजते ती क्योशे याझारींकडून.

क्योशे म्हणजे कोपरा, याझार म्हणजे लेखक. आपण ज्याला स्तंभलेखक म्हणतो, तो. आपल्याकडे पेपरचं मत म्हटलं की अग्रलेख. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा 1897 चा 'केसरी'तला अग्रलेख आपण शाळेपासून ऐकत आलोय. इथे बिननावाच्या अग्रलेखाला ते वजन नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस ठरल्या जागी, फोटोसकट, ठरलेला माणूस लिहितो आणि लोक पेपर नव्हे तर माणूस वाचतात. लेखकाने पेपर बदलला की वाचकही त्याच्यामागे जातात. आमच्या हानमधला, म्हणजे दुकानांच्या इमारतीतला, चहावाला मला पहिल्या आठवड्यात विचारत होता, "आबी (दादा), तू कुणाला वाचतोस?" त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमची जात, पक्ष आणि देव सांगण्यासारखं आहे. नव्या माणसाने 'अजून भाषा शिकतोय' एवढंच सांगावं.

या कोपऱ्यांसाठी माणसांनी जीव दिलाय, हेही लक्षात असू द्या. 'मिल्लियेत'चे संपादक अब्दी इपेकची हे 1 फेब्रुवारी 1979 ला गोळ्या घालून मारले गेले. तो मारेकरी अली आजा, ज्याने दोन वर्षांनी पोपवर गोळ्या झाडल्या. 'जुम्हुरियेत'चे उऊर मुमजू 24 जानेवारी 1993 ला अंकारात गाडीतल्या बॉम्बने गेले. 'आगोस' या आर्मेनियन साप्ताहिकाचे ह्रांत दिंक 19 जानेवारी 2007 ला इस्तंबूलमध्ये कचेरीसमोरच. म्हणून चहाच्या टेबलावर कुणा लेखकाची टिंगल करू नका, समोरच्याच्या घरात त्याचा फोटो असू शकतो.

आता मुख्य गोष्ट, मालकी. लेख वाचण्याआधी पेपर कुणाचा ते शोधा. 'हुर्रियेत' 1948 चा, एकेकाळी देशातला सगळ्यात दबदब्याचा. 2018 मध्ये दोआन समूहाने तो देमिरओरेन समूहाला विकला. त्याच्या आधीचा आणि नंतरचा 'हुर्रियेत' हे एका नावाचे दोन पेपर समजा. 'सबाह' कालयोन समूहाकडे आहे, आणि इस्तंबूलचा नवा विमानतळ बांधणाऱ्या कंपन्यांत कालयोनही होती. 'येनी शफाक' अल्बायराक समूहाचा, धार्मिक वळणाचा, सरकारच्या बाजूचा. 'जुम्हुरियेत' 1924 चा, अतातुर्कच्या विचारांचा. 'सोझजू'ही तसाच, पण जास्त तापलेला. 'बिरग्यून' आणि 'एवरेन्सेल' डावे. 'करार' काढला तो राष्ट्राध्यक्ष एर्दोआनच्याच पक्षाच्या जवळ असलेल्या, पण नंतर दुरावलेल्या लोकांनी. मला विचाराल तर समजुतीने लिहिणारे तिथे जास्त सापडतात. 'झमान'चं नाव कुणी काढलं तर गप्प बसा. तो गुलेन या धर्मगुरूच्या गटाचा, आणि सरकारने पुढच्या बंडाचा ठपका याच गटावर ठेवला. 2016 च्या मार्चमध्ये तो सरकारने ताब्यात घेतला, जुलैतल्या बंडाच्या प्रयत्नानंतर बंद झाला, आणि तो पेपर घरी येत होता ही गोष्टसुद्धा खटल्यांत लोकांविरुद्ध मांडली गेली.

सरकारी जाहिराती वाटणारी एक संस्था आहे, बासन इलान कुरुमू. विरोधी पेपरांच्या जाहिराती ती शिक्षा म्हणून थांबवायची. 2022 मध्ये घटनान्यायालयाने त्यावर ताशेरे ओढले. विरोधी पेपर पातळ का दिसतात, याचं एक कारण तिथे आहे.

इंग्रजी आवृत्त्यांवर थांबू नका. परदेशी वाचक समोर ठेवून काढलेला पेपर वेगळं बोलतो. आपली बरीच मंडळी दहा-दहा वर्षं इथे राहून इंग्रजीच वाचतात आणि मग 'तुर्क लोकांना काय वाटतं' यावर व्याख्यान देतात. तुर्की शिका. आपल्याला ती इतरांपेक्षा सोपी जाते. हाबेर म्हणजे खबर, सांदक म्हणजे संदूक, म्हणजेच मतपेटी. देवलेत म्हणजे राज्यसंस्था. मराठ्यांची दौलत म्हणताना जो अर्थ होता, तोच. फसवणारे शब्दही आहेत. फिकिर म्हणजे विचार, काळजी नव्हे. करार म्हणजे निर्णय.

आणि एक प्रत्यय, ज्याच्यासाठी मी प्रत्येक नव्या मुलाला अर्धा तास बसवतो. क्रियापदाला शेवटी 'दी' लागलं तर लेखक खात्रीने सांगतोय. 'मिश' लागलं तर ऐकीव. 'ग्योरुश्त्यूलेर' म्हणजे भेटले. 'ग्योरुश्म्युश्लेर' म्हणजे भेटले म्हणे. आपल्या 'म्हणे'इतकं चोख भाषांतर इंग्रजीत होत नाही. अंकाराच्या 'कुलिस'मधून, म्हणजे पडद्यामागून, जे जे लिहिलं जातं ते बहुतेक 'म्हणे'चं असतं. लेख हातात घ्या आणि पेन्सिलीने सगळ्या 'मिश'खाली रेघ ओढा. अर्ध्याहून जास्त वाक्यांखाली रेघ आली, तर त्या लेखात बातमी नाही, कुणीतरी सोडलेली पुडी आहे. कुणी सोडली आणि आजच का सोडली, हा खरा प्रश्न.

शब्दांवरून बाजू कळते. राष्ट्राध्यक्षांना 'रेइस', म्हणजे प्रमुख, म्हणणारा समर्थक, 'सराय' म्हणजे राजवाडा असं लिहिणारा विरोधक. 19 मार्च 2025 ला इस्तंबूलचे महापौर इमामोलू यांना पकडलं, तेव्हा मी दोन पेपर शेजारी ठेवून वाचले. एकात 'भ्रष्टाचाराची चौकशी' होती, दुसऱ्यात 'दार्बे', म्हणजे सत्ता बळकावण्यासाठीचा उठाव. घटना तीच, तारीख तीच. त्या आठवड्यात साराचहानेकडे, म्हणजे महापालिकेसमोर निदर्शनं चालू होती तिकडे, फिरकू नका असं मी सगळ्यांना सांगितलं होतं, आजही सांगतो. निदर्शनांची बातमी द्यायला आलेल्या बीबीसीच्या वार्ताहराला देशाबाहेर काढलं, तिथे आपली काय कथा.

परदेशांशी संबंधांवरचे लेख सगळ्यात जास्त फसवतात. ते अमेरिकेसाठी लिहिलेले नसतात, घरातल्यांसाठी लिहिलेले असतात. पण ते रागात का लिहिले जातात हे समजून घ्या. तो राग खोटा नाही. शाळेत आपण ज्यांना दोस्तराष्ट्रे म्हणून शिकलो, त्यांच्या युद्धनौका 13 नोव्हेंबर 1918 ला इथल्या बॉस्फरस सामुद्रधुनीत येऊन उभ्या राहिल्या. 1920 च्या सेव्हरच्या तहाने देशाचे तुकडे मांडले होते, 1923 च्या लोझानने ते टळलं. शंभर वर्षं उलटली तरी 'सेव्हर' हा शब्द महिन्यातून एकदा तरी छापून येतोच. 1952 मध्ये तुर्क नाटोत गेले. 1964 मध्ये सायप्रसवरून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी तुर्की पंतप्रधान इनोनूंना पत्र लिहिलं, त्याचा मथितार्थ असा की तुमच्यामुळे रशिया चालून आला तर आम्ही येऊच असं नाही. 1974 मध्ये तुर्कांनी सायप्रसमध्ये सैन्य उतरवलं, 1975 पासून अमेरिकेने तीन वर्षं शस्त्रं थांबवली. 1 मार्च 2003 ला इराकवर चालून जाणाऱ्या अमेरिकी सैन्याला वाट देण्याचा ठराव संसदेत 264 विरुद्ध 250 मतं पडूनही नामंजूर झाला, कारण हजर सदस्यांचं बहुमत मिळालं नाही. चारच महिन्यांनी, 4 जुलैला, इराकमधल्या सुलेमानियात अमेरिकी सैनिकांनी तुर्की जवानांच्या डोक्यावर पोती चढवली. 'चुवाल', म्हणजे पोतं, एवढा एक शब्द लेखात आला की वाचणाऱ्याचा चेहरा बदलतो. मी पाहिलाय.

त्यामुळे 'म्युत्तेफिक', म्हणजे सहकारी राष्ट्र, हा शब्द इथे क्वचितच साधा येतो. त्याच्याआधी 'सोझदे', म्हणजे तथाकथित, लागलेलं असतं. आणि नवी मंडळी इथे हमखास चुकतात. सरकारविरोधी लेखक म्हणजे पाश्चात्त्यांच्या बाजूचा, असा हिशेब ती मांडतात. तो चुकीचा आहे. 'सोझजू' आणि 'जुम्हुरियेत'मध्येही अमेरिकेवर तितकाच संशय आहे, फक्त त्यांच्या मते या सरकारला मोठं केलं तेच अमेरिकेने.

शब्द कितीही तापले तरी व्यवहाराकडे बघा. अमेरिकी सैन्य वापरतं तो अदानाजवळचा इनजिर्लिक तळ बंद करा, ही मागणी मी आल्यापासून असंख्य वेळा वाचली. तळ चालूच आहे. स्वीडनला नाटोत घेणार नाही म्हणून रकानेच्या रकाने भरले. 23 जानेवारी 2024 ला संसदेने मंजुरी दिली आणि तीन दिवसांनी अमेरिकेने तुर्कीला 23 अब्ज डॉलरची एफ-16 लढाऊ विमानं विकायला होकार दिला.

हे मला 2018 मध्ये कळलं असतं तर बरं होतं. अमेरिकी पाद्री ब्रन्सन यांच्या अटकेवरून दोन्ही देशांत जुंपली होती. मी रोज एकाच लेखकाला वाचायचो. त्याचं तुर्की सोपं होतं, भाषा शिकण्यासाठीच सुरू केलं होतं. जुलैभर तो लिहीत होता की अमेरिकेची धमकी पोकळ आहे, नाटोतला सहकारी देश ते बुडू देणार नाहीत, डॉलर घेऊन ठेवणारे पस्तावतील. माझ्याकडे साठ हजार लिरा होते, बायको आणि मुलीला आणण्यासाठी साठवलेले. जुलैअखेर त्याचे बारा हजार डॉलर झाले असते. मी बदलले नाहीत. 10 ऑगस्टला, शुक्रवारी, ट्रम्प यांनी तुर्की पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचं शुल्क दुप्पट केलं. इकडे राष्ट्राध्यक्षांचं आवाहन, उशीखालचे डॉलर आणि सोनं काढून लिरा घ्या. सोमवारी सकाळी डॉलर सात लिरांच्या वर होता. हानखालच्या दोव्हिझ, म्हणजे परकीय चलनाच्या, दुकानाच्या लाल आकड्यांसमोर मी वीस मिनिटं उभा राहिलो आणि घाबरून सगळे बदलले. साडेआठ हजारही हातात आले नाहीत. दोन दिवसांनी कतारने 15 अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचं आश्वासन दिलं आणि भाव सहाच्या आसपास आला. माझे दोनदा गेले. घरच्यांचं येणं एक वर्ष पुढे गेलं. मुलीचा पहिलीचा प्रवेश हुकला.

तो लेखक ऑक्टोबरमध्ये ब्रन्सन सुटल्यावरही लिहीत होता. जुलैच्या लेखांबद्दल त्याने एक ओळ लिहिली नाही. म्हणून परत सांगतो, परराष्ट्र संबंधांवरचा लेख वाचून पैसा हलवू नका आणि अडवूनही ठेवू नका. पगाराचा ठरलेला भाग ठरलेल्या तारखेला घरी पाठवा, पेपर काहीही म्हणो.

फोनबद्दल थोडक्यात. लेखाची लिंक ग्रुपवर टाकताना स्वतःचं एक अक्षरही जोडू नका. राष्ट्राध्यक्षांच्या अपमानाला कलम 299 खाली एक ते चार वर्षं, खोटी माहिती पसरवण्याला 2022 च्या कायद्याने एक ते तीन. आपल्याला तर नुसती इकामेत रद्द झाली तरी संपलं.

मे 2025 मध्ये आपल्याच मंडळींनी मला जास्त त्रास दिला. भारत-पाकिस्तान संघर्षात इथले लेखक पाकिस्तानला 'कार्देश', म्हणजे भाऊ, लिहीत होते. तिकडे पुण्याच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घ्यायचं थांबवलं. आपली काही मुलं भारतीय चॅनेलवरची वाक्यं घेऊन तुर्की सहकाऱ्यांशी भांडत होती. त्यापेक्षा माहिती ठेवा. चहावाल्याने मला विचारलं, तेव्हा मी त्याला सांगितलं की तुमच्या स्वातंत्र्ययुद्धाला जो पैसा हिंदुस्थानच्या मुसलमानांकडून आला, ज्यातून पुढे तुमची इश बँक उभी राहिली, तो गोळा करणाऱ्या खिलाफत समितीचं मुख्य ठाणं आमच्या मुंबईत होतं. आणि फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात इस्केंदेरुनला आमच्या सैन्याने दवाखाना उघडला, मोहिमेचं नावच 'दोस्त'. दवाखान्याचं त्याला ठाऊक होतं, त्याची मेहुणी त्याच हाताय प्रांतातली. मुंबईचं ठाऊक नव्हतं.

सुरुवात अशी करा. बक्कालकडून, म्हणजे वाण्याकडून, आठवड्यातून एकदा 'सबाह' आणि 'जुम्हुरियेत' एकाच दिवशीचे घ्या. एकाच विषयावरचे दोन कोपरे कापा, वहीत समोरासमोर चिकटवा, खाली लिहा की लेखकाने काय होईल म्हटलं होतं. तीन महिन्यांनी ते पान उघडा आणि काय झालं ते तारखेसकट लिहा. 2018 पासूनच्या माझ्या सहा वह्या दुकानात कापडाच्या कपाटात आहेत. मेर्तेरला आलात की मागून घ्या, चहा सांगतो.