स्कायरिम गेमचा जुना मॉड ठेवायचा की बदलायचा?

विश्रामबागेतल्या मित्राच्या पेनड्राइव्हवरून मॉड (गेममध्ये बदल करणारी, खेळाडूंनी बनवलेली भर) घेतलात, तर आधी तो कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते बघा. 2011चा मूळ गेम 32-बिट, 2016ची स्पेशल एडिशन 64-बिट. मूळ गेमच्या मॉडमध्ये डीएलएल फाइल (विंडोजवर थेट चालणारा कोड) असेल तर नाद सोडा, स्पेशल एडिशनवर ती चालणारच नाही. लेखकाने नवी काढली असेल तरच घ्या, तीही तुमच्या गेमच्या आवृत्तीशी जुळणारी.

नुसती ईएसपी (मॉडमधल्या बदलांच्या नोंदींची फाइल) असेल तर काम सोपं: स्पेशल एडिशनच्या क्रिएशन किटमध्ये (मॉड बनवायचं अधिकृत साधन) उघडून सेव्ह करा, फॉर्म, म्हणजे फाइलच्या स्वरूपाचा क्रमांक, 43चा 44 होतो. सोबत बीएसए (मॉडच्या बाकी फाइलींचं गाठोडं) असेल तर मात्र ती सोडवून आतल्या मेश (वस्तूंचे त्रिमितीय आकार) नव्या स्वरूपात बदलून घ्या, नाहीतर गेम धाडकन बंद पडतो.

खेळ अर्ध्यावर असताना स्क्रिप्टवाला (गेममध्ये छोटे प्रोग्रॅम चालवणारा) मॉड काढू नका. स्क्रिप्ट सेव्हमध्ये, म्हणजे खेळ जपून ठेवलेल्या फाइलमध्ये, चिकटून राहतात. सेव्हची प्रत आधी बाजूला ठेवा.